पाहिल्याशिवाय सही न करणारे जानराव

मंगळवार, ता. १० फेब्रुवारी १८६३. अमरावती.

सकाळी धुके, नऊला ऊन. बडनेऱ्याच्या मळ्यातून सासऱ्यांनी वांगी आणि मेथी पाठवली. मासिकाची एलिचपूरची प्रत टपालात दिली. अकोल्याची शनिवारीच गेली आहे. दुपारी अकोल्याचे दलाल नत्थुजी जेवायला होते. वय साठीच्या आसपास, गळ्यात तुळशीची माळ, उजव्या हाताला करंगळी नाही. वरण दोनदा मागून घेतले. जानराव भावजी कचेरीत होते, त्यांच्यासाठी निरोप ठेवला की उद्या कापसाच्या बाजारात भेटा. संध्याकाळी चुलीची एक वीट निखळली, ती मातीने बसवली.

ही नोंद शेहेचाळीस वर्षांपूर्वीची आहे. लिहिताना तीत विशेष काही आहे असे मला वाटले नव्हते. चुलीची वीट आणि नत्थुजींची करंगळी माझ्या दृष्टीने सारख्याच महत्त्वाच्या होत्या.

जानराव गेल्या कार्तिकात अकोल्याला वारले. ते नामांकित वकील नव्हते, त्यांच्या नावाने धर्मशाळा नाही, तेव्हा त्यांच्यावर कोणी काही लिहील असा संभव नाही. मला मात्र त्यांची एक गोष्ट ठाऊक आहे आणि ती तारखांसकट ठाऊक आहे. म्हणून लिहून ठेवते.

आधी माझ्याकडे वही कशी आली ते सांगायला हवे. माझे वडील कामठीच्या छावणीजवळ ख्रिस्ती जोगिणींच्या मठात माळीकाम करीत. त्या बायांची मुलींची शाळा होती. वडील कोबीला पाणी घालीत आणि मी शाळेच्या दारात बसे. एके दिवशी एका सिस्टरने मला आत बाकावर बसवले. पुढे लग्न होऊन बडनेऱ्याच्या माळ्यांच्या घरी येईपर्यंत मी तिथेच शिकले. रोज संध्याकाळी तारीख घालून दिवसाची हकिकत लिहायची आणि सकाळी नवे काम सुरू करण्याआधी कालचे पान वाचायचे, ही त्यांची शिस्त. त्या सिस्टर म्हणत, "पाहिलेस ते वहीत लिही. वाटले ते देवाला सांग." तेव्हापासून माझ्या वह्यांत वाटलेले फारसे काही नाही.

माझे यजमान खुशालराव अमरावतीला वकिलीच्या परीक्षेसाठी शिकत होते, म्हणून अंबा दरवाजाजवळ दोन खोल्या आणि एक ओसरी भाड्याने घेऊन आम्ही राहत होतो. त्या वर्षी अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला होता. जो तो कापूस पेरी, त्यामुळे भाजीपाला मिळेनासा झाला, आणि त्यामुळेच आमच्या सासऱ्यांच्या वांग्यांना मान आला. यजमानांचे शिक्षण कापसावर नव्हे, वांग्यांवर झाले, असे मी म्हणते.

शिकवणारे होते वामनराव वकील. मूळचे पुण्याकडचे, दहा वर्षांपूर्वी इकडे आलेले. त्यांच्या वर्गात अकरा विद्यार्थी होते आणि हे अकरा जण मिळून एक मासिक चालवीत. छापील नव्हे, हातानेच लिहिलेले. त्यात अमरावतीच्या कचेरीतला एखादा निवाडा असे, त्यावर चर्चा असे, आणि इकडच्या एखाद्या रीतीवर एक लेख असे, कारण कायद्याच्या पुस्तकात वऱ्हाडच्या रीती कुठून असणार? तीन प्रती निघत: एक आमच्या वर्गाची, एक अकोल्याच्या वर्गाची, एक एलिचपूरची. संपादक विद्यार्थी, लिहिणारे बहुतेक विद्यार्थी आणि तपासणारेही विद्यार्थी. वामनरावांनीच तसा दंडक घातला होता की मासिकात गुरूचा शब्द चालणार नाही, गुरूचा लेखही विद्यार्थीच तपासतील. त्या वर्षी संपादक आमचे यजमान होते आणि पडताळणीचे काम जानरावांकडे होते.

पडताळणी म्हणजे अशी. लेखात जे जे विधान केले असेल त्याचा आधार शेवटी आकडे घालून द्यायचा: अमुक निवाडा, अमुक दप्तर, अमुक गावच्या अमुक माणसाने सांगितले. जानरावांनी तो आधार स्वतः जाऊन पाहायचा आणि मग त्यापुढे सही करायची. सही नसलेला लेख अंकात जात नसे.

प्रती बाळबोध लिपीत मी लिहीत असे. बाकीचे सगळे मोडी लिहीत, आणि माझे अक्षर त्यांच्यापेक्षा बरे होते. ही गोष्ट वर्गाबाहेर कोणाला सांगितलेली नव्हती. एलिचपूरचे विद्यार्थी पत्रात "आपल्या लेखकुबुवांस नमस्कार" असे लिहीत, तेव्हा जानराव मोठ्याने वाचून दाखवीत, "लेखकुबुवा, तुमाले नमस्कार आला बरं!"

जानराव मोर्शीकडच्या एका खेड्यातले, काळ्या जमिनीचे कुणबी. उंच, किंचित वाकलेले, आणि समोरची वस्तू उचलून खालून पाहण्याची सवय. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा पाण्याचा तांब्या पालथा करून त्याच्या बुडावरचे कासाराचे नाव वाचले आणि मग मला विचारले, "वहिनी, पानी कोठून आनता?" मी विहीर सांगितली. चार दिवसांनी म्हणाले, "हो जी, विहीर पायली. पानी गोड हाय." त्यांच्या वडिलांनी त्यांना एकच वर्ष दिले होते. "यंदा भाव हाय, तं शीक. पुढल्या साली नसला तं औत हाय," असे बाप म्हणाला होता. ते सांगताना जानराव हसत, पण ते वर्ष त्यांच्या मनातून कधी जात नसे. परीक्षेला वर्गातून कोणाला पाठवायचे ते वामनरावांनी ठरवायचे होते आणि त्या साली वरून एकच नाव मागितले होते.

जानेवारीत वामनरावांनी स्वतः एक लेख दिला. विषय होता रुमालाखालच्या सौद्याचा.

कापसाच्या बाजारात भाव तोंडाने ठरत नाही. दोघे समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि भाव सांगणारा आपली बोटे दुसऱ्याच्या मुठीत देतो. एक बोट म्हणजे एक, अंगठा सोडून चारही बोटे म्हणजे चार, अंगठ्यासकट अख्खा पंजा म्हणजे पाच. पुढच्या आकड्यांना पंजा देऊन पुन्हा बोटे. शेकडा की दहा, एवढेच तोंडाने म्हणायचे. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. आता त्या दोघांत वाद झाला, एक म्हणाला मी चार दिली आणि दुसरा म्हणाला पाच दिली, तर कचेरीने काय करावे? पाहिलेला साक्षीदार कोणीच नाही. वामनरावांचे म्हणणे असे की बोटांची ही भाषा संपूर्ण वऱ्हाडात एकच आहे, तेव्हा ती बोललेल्या शब्दाइतकीच पक्की धरावी.

लेख सर्वांना आवडला. जानरावांनी आठवडाभर अमरावतीच्या बाजारात बसून तीन दलालांच्या मुठीत हात घालून पाहिले आणि तेवढ्या आधारांपुढे सह्या केल्या. एक जागा रिकामी ठेवली. पुढे वर्गात काय झाले ते यजमानांनी त्याच दिवशी येऊन सांगितले, ते माझ्या वहीत आहे.

"जानराव, इथे सही नाही," वामनराव म्हणाले.

"नाई जी."

"का?"

"तुमी 'संपूर्ण वऱ्हाडात' असं लिवलं. मी अमरावती पायली. अकोला नाई पायला."

"अरे, दहा वर्षं मी या मुलखात वकिली करतोय."

"तुमी केली जी. मी कोठी केली?"

वर्ग हसला. वामनरावांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरं. जा मग अकोल्याला. तिथला पंजा पाच बोटांचाच असतो ना, ते मोजून ये!"

ती थट्टा होती. पण जानराव दुसऱ्या दिवशी पहाटे कापसाच्या गाड्यांबरोबर अकोल्याला निघालेसुद्धा.

जाऊन यायला त्यांना नऊ दिवस लागले. आले ते धुळीने माखलेले आणि हातपाय न धुता थेट ओसरीवर. यजमानांना म्हणाले, "खुशालराव, हात आना." मग आपले उपरणे दोघांच्या हातांवर टाकून त्यांनी अकोल्याची रीत करून दाखवली. एक, दोन, तीन सारखेच. पण चाराला तीनच बोटे देऊन तळहातावर एक टिचकी. आणि अख्खा पंजा म्हणून जे द्यायचे त्यात अंगठा धरून बोटे चारच!

"गुदगुल्या करून राहिले का?" यजमान म्हणाले.

"गुदगुल्या नाई, भाव सांगून राहिलो. हा अकोल्याचा पाच हाय."

अकोल्याचे दलाल परक्याला काही शिकवायला तयार नव्हते. तीन दिवस कोणी हात देईना. शेवटी नत्थुजी नावाच्या एका जुन्या दलालाने, "ये बापा, बस," म्हणून रुमाल टाकला आणि दोन दिवस सारे आकडे करून दाखवले. जानरावांनी ते लगोलग कागदावर उतरवले आणि नत्थुजींचे नाव आधार म्हणून घातले.

आम्हा सर्वांना त्याचे फार नवल वाटले. वीस कोसांवर आकडाच बदलतो! मी मीठ मोजताना, पोळ्या मोजताना उगाच टिचकी मारून पाही.

वामनरावांनी जानरावांचे टिपण दोनदा वाचले आणि भर वर्गात म्हणाले, "माझ्या लेखातले दोन शब्द मी मागे घेतो. बाकी लेख राहील, आणि जानरावाचे टिपण त्याला जोडले जाईल." मग म्हणाले, "परीक्षेला यंदा एकच नाव जायचे आहे. या टिपणासाठी ते जानरावाचे जाईल. शुक्रवारी, तेरा तारखेला, मी पत्र लिहीन."

जानराव नसते तर कोणाचे नाव गेले असते, हे सर्वांना ठाऊक होते. ते आमच्या यजमानांचे होते. घरी येऊन ते एवढेच म्हणाले, "त्यानं नऊ दिवस गाडीत हाडं मोकळी केली. त्याचंच जावं."

मी तीन प्रती लिहिल्या. "अकोल्यास पंजा म्हणजे चार बोटे, आधार नत्थुजी दलाल," हे वाक्य मी तीनदा लिहिले. ते मला तोंडपाठ झाले होते. आणि तरीही मंगळवारी, नत्थुजी कामानिमित्त अमरावतीला आले, "माहं नाव मासिकात आलं म्हनतात, पाहू तरी," म्हणत आमच्या ओसरीवर जेवले, मी त्यांना वाढले, यजमान त्यांच्या शेजारी बसून जेवले, आणि आम्हा दोघांच्या डोक्यात काही आले नाही. हात ताटात असतो तेव्हा माणूस हात पाहत नाही, ताटात काय संपले ते पाहतो. मी करंगळी वहीत लिहिली ती सवयीने.

बुधवारी सकाळी मी कालचे पान वाचले. करंगळीपाशी थांबले. पुन्हा वाचले. मग आमच्या प्रतीतले ते टिपण काढून शेजारी ठेवले.

तीन बोटे आणि टिचकी. पंजा म्हणून चार. ही अकोल्याची रीत नव्हतीच. ज्या माणसाला करंगळी नाही त्याने चार आणि पाच यांत फरक कसा दाखवावा, याची ती युक्ती होती. रुमालाखाली जानरावांना बोटे लागली, पण न लागलेले बोट कसे लागणार? थंडीचे दिवस, नत्थुजींचा हात उपरण्यात. जानरावांनी मोजली ती बोटे बरोबर होती. चुकले ते माणूस निवडण्यात, आणि एकच निवडण्यात.

मी लगेच सांगितले नाही, हे इथे लिहिणे भाग आहे. मी सांगितले तर शुक्रवारचे पत्र बदलेल, आणि ते बदलले तर त्यावर माझ्याच नवऱ्याचे नाव येईल. न सांगणे वाईट दिसत होते आणि सांगणेही चांगले दिसत नव्हते. सकाळचे सगळे काम मी त्या विचारात केले. दुपारी दोघे कचेरीतून आले तेव्हा मी वही आणि मासिक दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली आणि दोन ठिकाणी बोट ठेवले.

यजमानांना आधी समजले. "अरे बापा," म्हणाले आणि खाली बसले. मग आपला उजवा हात पुढे धरून करंगळी मिटून पाहिली. "खरंच की! मी तं त्याच्या बाजूले बसून जेवलो."

जानराव वही वाचत होते.

"जानराव, ऐक," यजमान म्हणाले. "आज बुधवार. परवा पत्र जाऊ दे. मंग पुढच्या अंकात दुरुस्ती टाकू. संपादक मी हाओ. एका महिन्यानं काय होते?"

"तिकडे कोनी वाचून सौदा केला तं?"

"मासिक वाचून कोन सौदा करते बे? आपलंच मासिक आपन अकरा जन वाचतो!"

"वहिनी," जानराव मला म्हणाले, "तुमी पायलं?"

"हो. वाढताना पाहिलं."

"उजवाच?"

"उजवाच."

"अर्धी नाई का अख्खी?"

"मुळापासून नाही."

त्यांनी वही मिटून मला दिली आणि पागोटे उचलले.

"कोठी चालला?" यजमान म्हणाले.

"बाजारात. त्यानं भेटाले सांगतलंच हाय."

"आता काय राह्यलं पाहाचं? तिनं लिहून ठेवलं न!"

"त्यायनं पायलं. मी कोठी पायलं?"

जी गोष्ट खोटी ठरावी अशी कोणाही माणसाने त्या वेळी देवाला विनवणी केली असती, ती खरी आहे का हे पाहायला ते निघाले होते. आणि ते विनवणी करीत नव्हते. मला स्वच्छ आठवते, त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती. गावात नवी विहीर खणली की पाणी लागले का ते बघायला माणसे जातात, तशी.

दोन तासांनी परत आले ते सर्व हकिकत घेऊनच. नत्थुजी कापसाच्या ढिगाला टेकून बसले होते. जानराव म्हणाले, "नत्थुजी, हात दाखवा जरा."

"काहून? भविष्य पाहता का?"

हात पुढे आला. करंगळी मुळापासून नव्हती. पोरवयात सरकी काढायच्या रेच्यात गेली होती.

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं, बोटं कसे देता? मी देतो तसे देल्ले. माह्यापाशी किती हायेत, हे कोन इचारलं?" नत्थुजींना खरोखरच त्यात काही चुकल्यासारखे वाटत नव्हते. पन्नास वर्षे ते तसेच भाव सांगत आले होते आणि अकोल्याच्या बाजारात सगळ्यांना ते माहीत होते. जानरावांनी तिथेच अकोल्याहून आलेल्या आणखी तिघांना गाठून रुमालाखाली हात दिले. तिघांचाही पंजा पाच बोटांचा निघाला. त्यांतला एक म्हणाला, "टिचकी म्हनजे नत्थुजी. सारा बाजार ओळखते. ते काही रीत नाई, ते त्याचं घरचं हाय."

नत्थुजी मात्र हिरमुसले. "आता मासिकातून माहं नाव काढता का जी?"

"नाव राहीन," जानराव म्हणाले. "बोट तेवढं लिहितो."

गुरुवारी त्यांनी दुरुस्ती लिहिली. चारच ओळी होत्या. "गेल्या अंकात अकोल्याची रीत म्हणून जे लिहिले ती एका माणसाची रीत आहे. त्यास उजवी करंगळी नाही. चौघे तपासावयाचे ते मी एकच तपासला. मूळ लेखातील 'संपूर्ण वऱ्हाडात' हे शब्द अमरावती व अकोला यांपुरते बरोबर आहेत. एलिचपूर मी पाहिलेले नाही." खाली सही. मी तीन नकला केल्या. एक आमच्या प्रतीला चिकटवली, दोन त्याच दिवशी टपालात गेल्या. यजमान तीनदा म्हणाले की शनिवारी टाकू, पण टपालपेटीपर्यंत जानराव स्वतः गेले.

शुक्रवारी वर्गात जानरावांनी ती दुरुस्ती उभे राहून वाचली. वामनरावांनी पुरते ऐकून घेतले. मग विचारले, "म्हणजे मी न पाहता लिहिलं ते बरोबर निघालं, आणि तू पाहून लिहिलंस ते चूक?"

"हो जी."

"मग पाहण्याचा उपयोग काय झाला?"

हा प्रश्न टोमणा म्हणून विचारला नव्हता, असे यजमान सांगत. त्यांना खरेच उत्तर हवे होते.

जानराव म्हणाले, "तुमचं बरोबर होतं, पन ते बरोबर हाय हे तुमालेही ठाऊक नोतं, गुरुजी. आज झालं. मी चुकलो म्हनून झालं."

"आणि तू कुठे चुकलास?"

"एका हातावर रीत धरली. तीन-चार हात तं पाहा लागते."

वामनरावांनी मासिकाची प्रत मागवली, मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला स्वतः लिहिले, "रीतीच्या आधारास कमीत कमी तीन माणसे," आणि खाली सही केली. त्यानंतर ते मासिक सहा वर्षे चालले आणि ती ओळ प्रत्येक अंकात मीच लिहीत गेले.

मग त्यांनी पत्राचा कागद ओढला. "पत्र खुशालरावाचं जाईल," ते म्हणाले.

यजमान उठले. "गुरुजी, मी नाई जात. त्याचं नाव ठरलं होतं."

"ते टिपणासाठी ठरलं होतं. ते टिपण आता नाही. मासिक तुमचं आहे, तिथे तुम्ही मला सुद्धा अडवता. पत्र माझं आहे."

"पन त्याले एकच वर्ष हाय जी!"

"मला ठाऊक आहे," वामनराव म्हणाले आणि दौत जवळ घेतली.

जानरावांनी यजमानांचा हात धरून खाली बसवले. "जा बापा. दोघंही अठी बसून काय करतो?"

हे योग्य झाले की नाही, यावर आम्ही नवरा-बायको पुढे तीस वर्षे बोललो. यजमानांचे मत असे की गुरुजींनी शिक्षा दिली. माझे मत निराळे होते. ज्यांनी स्वतःच्या लेखावर विद्यार्थ्याची सही लागेल असा नियम केला, त्यांना आपल्या दयेवरही कोणाची तरी सही हवी असावी, आणि ती मिळण्यासारखी नव्हती. पण हे मी पाहिलेले नाही, मला वाटलेले आहे.

यजमान परीक्षेत पास झाले आणि अमरावतीला वकील म्हणून त्यांचे बरे चालले. जानराव हंगाम संपताच गावी परतले आणि तीन वर्षे शेती केली. वडील गेल्यावर धाकट्या भावावर शेती सोपवून अकोल्याच्या कचेरीत नक्कलनवीस लागले. वकिलीच्या परीक्षेला एकदा बसले. तोंडी परीक्षेत साहेबाने एका निवाड्याबद्दल विचारले तेव्हा "मी तो कागद वाचला नाई, आयकला हाय," म्हणाले, आणि तिथेच संपले. अठ्ठावीस वर्षे ते नकलाच करीत राहिले. पण अकोल्याचे वकील नक्कल घेताना मागच्या बाजूला त्यांची बारीक सही आहे का ते आधी पाहत. आमचे यजमान तर अमरावतीच्या कागदांनाही ती सही लागावी म्हणून ते अकोल्याला पाठवीत. मैनाबाई, जानरावांची बायको, म्हणे, "यायले मी जेवन झालं म्हनून सांगतलं तरी चुलीपाशी येऊन पाहून जातेत."

यजमान गेल्यावर एकदा जानराव भेटायला आले होते. दोघेही म्हातारे झालो होतो. तेव्हा मी त्यांना ते बुधवारचे सांगून टाकले, की मला सकाळीच कळले होते आणि मी दुपारपर्यंत बोलले नव्हते.

त्यांनी विचारले, "सकाळपासून दुपारवरी काय केलं मंग?"

"मेथी निवडली."

"भल्ली मोठी जुडी होती वाटते मेथीची," म्हणाले, आणि माझ्या हातातला चहाचा पेला घेऊन सवयीने त्याच्या बुडाकडे पाहिले.

नंतर त्यांनी त्या शुक्रवारचे पान दाखवायला सांगितले. त्या संध्याकाळी ते आमच्याकडेच जेवले होते, वामनरावांचे पत्र गेलेले होते, आणि त्या दिवशी मी काय लिहिले असेल याची त्यांना फार वर्षे उत्सुकता होती म्हणे. मी पेटीतून वही काढून दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली, मान हलवली आणि परत दिली. त्यात एवढेच आहे:

शुक्रवार, ता. १३ फेब्रुवारी १८६३. गुरुजींनी पत्र लिहिले, त्यात यांचे नाव आहे. जानराव भावजी जेवायला होते. वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झाले होते. भावजींनी तसे सांगितले, तेव्हा कुठे यांनी पाणी मागितले.